गोलामागच्या गाद्या

तीर्थस्वरूप ताईच्या पायांवर डोकं ठेवून धाकटीचा नमस्कार. (डोकं ठेवलंय असं समज. मागच्या खेपेला खरंच ठेवलं, तर मला उठवायला तुझी सून आणि माझी सून अशा दोघी लागल्या होत्या, आणि उठवताना दोघींनी एकमेकींकडे बघून जे तोंड केलं ते मी वाकलेली असूनही पाहिलं.) तुझी तब्येत बरी असेल, गुडघे जिथल्या तिथे असतील आणि कानाचं यंत्र अजून डब्यातच असेल, असं धरून चालते. फोन का करत नाहीस असं विचारशील. फोनवर मी बोलते ते तुला ऐकू येत नाही, आणि तरी तू "हो, हो, कर कर" म्हणतेस. असं म्हणून तू एकदा मला तुझ्या कपाटातली दोन पातेली देऊन बसलीस आणि नंतर वर्षभर रुसलीस. म्हणून पत्र बरं. इकडे सगळं क्षेम आहे. तुझा भाचा बोलत नाही, म्हणजे मजेत आहे. सूनबाई बोलते, म्हणजे तीही मजेत आहे.

दाजींना माझा वेगळा नमस्कार. सांगायची गरज नाही म्हणा, पत्र तेच तुला मोठ्याने वाचून दाखवणार. तेव्हा दाजी, नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? ती धरते असं ऐकलं. एवढी मोठी लाकडाची वखार या वयात उभ्याने सांभाळणं खायचं काम नाही, आमच्या माहेरच्या सगळ्या जावयांत तुमच्यासारखा कष्टाळू माणूस झाला नाही, हे मी तुमच्या लग्नापासून म्हणत आले आहे. वखार जोरात असेल. नवा माल आला असेल, जुनाही आला असेल. पण करवतीची घाई करू नका बरं. करवतीच्या हिसक्याने कंबर जाते. लाकूड काय, आज नाही उद्या कापता येतं, चार दिवस पडून राहिलं तर मुरतं.

आता हे पत्र कसं लिहिलं जातंय ते सांगते, म्हणजे वाचताना अडखळायला नको. आपण दोघी अक्षराच्या बाबतीत सख्ख्या बहिणी, तेव्हा मी सांगते आणि सूनबाई लिहिते. मी बोलायला लागले की कुठे थांबले ते तिला कळत नाही (ती म्हणते, मी थांबतच नाही), म्हणून आमचं ठरलं आहे की मी टाच आपटली की तिने पूर्णविराम द्यायचा. जे लोकांनी ऐकलं तरी चालेल पण मोठ्याने बोलायचं नाही, ते ती कंसात घालते. तिचं अक्षर फार वळणदार आहे. दाजींचं वाचून झालं की कागद त्यांच्याकडून मागून घे आणि तुझ्या सुनेला दाखव, नीट शेवटपर्यंत दाखव. पोरींनी एकमेकींचं चांगलं बघावं.

तर आता आमच्या फुटबॉल क्लबची हकिकत. आमचा क्लब विकला गेला हे तुझ्यापर्यंत आलं असेल. आधीचे मालक बाटल्यांची झाकणं बनवायचे, आणि त्यांनी क्लबसुद्धा झाकण लावूनच ठेवला होता. आत काय चाललंय ते बाहेर कळायचं नाही, आणि बाहेर लोक काय ओरडतात ते आत जायचं नाही. गवताला पाणी नाही, खेळाडूंच्या न्हाणीघराला कडी नाही. पण आम्हा लोकांचं त्यावाचून अडत नव्हतं, कारण आमच्याकडे गोलामागची गॅलरी होती. ती सगळी लाकडी. बसायला फळी, पाय टेकायला फळी, आणि मधल्या फटीतून खाली पडलेली वस्तू परत मिळाल्याचं ऐकिवात नाही. (माझी कवळी मिळाली होती. पण ती कुणी उचलली नाही, म्हणून मिळाली.) त्या गॅलरीत पहिल्या रांगेत मधोमध माझी जागा. उजव्या टोकाला बेकरीवाला, ज्याचं वजन त्याच्या भट्टीएवढं. डाव्या टोकाला घड्याळजी, ज्याचं वजन त्याच्या चिमट्याएवढं, पण बुटांना लोखंडी नाल. समोरची टोळी चेंडू घेऊन आमच्या गोलाकडे निघाली की सगळी गॅलरी पायांनी फळ्या बडवायची. आम्ही त्याला दणका म्हणतो. बेकरीवाल्याचा पाय धप्प, घड्याळजीचा टकटक, आणि मधे आम्ही बाकीचे गडगडाट. पाहुणी टोळी तिथे आली की त्यांचा चेंडू त्यांच्याच पायात अडकायचा. आणि गोलात कोण, तर आपला नातू. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो तुझ्या स्वयंपाकघरातले बटाटे झेलत होता. आता चेंडू झेलतो, आणि त्याबद्दल पगार घेतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला कधी उमगली नव्हती. घरच्या मैदानावर आपला नातू म्हणजे वाघ आणि परगावी गेला की मांजर. परगावचे सामने आम्ही हरायचो आणि घरचे जिंकून भरून काढायचो, आणि असं करत करत क्लब वरच्या लीगमध्ये कसाबसा लटकून होता, तुझ्या गच्चीवरच्या त्या जुन्या पत्र्यासारखा. आम्ही म्हणायचो, पोराला परगावचं पाणी बाधतं. सूनबाई त्याच्याबरोबर घरच्या पाण्याच्या बाटल्या द्यायची. (तिचं म्हणणं, ही बाटल्यांची अक्कल माझी, म्हणजे सासूची, होती. मला तसं आठवत नाही. लिही, आठवत नाही म्हणून.)

नवा मालक आला तो गाद्यांचा कारखानदार. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे गादीशेठ म्हणतात. माणूस गोलमटोल, बोलणं मऊ, डोळ्यांखाली मात्र शाईच्या दौती उपड्या केल्यासारखी काळी वर्तुळं. आता नव्या मालकाचं आणि नव्या सुनेचं एक असतं. घरात आल्या आल्या त्यांना डबे हलवायचे असतात. मीठ चुलीजवळ का, साखर फडताळात का, असं करून पहिल्या महिन्यात ती सगळं आपल्या हाताशी आणतात आणि बाकीचं घर वर्षभर चहात मीठ घालतं. (सूनबाईने इथे लेखणी खाली ठेवली आहे. मी म्हटलं, तुझं नाव घेतलंय का? मग उचलली.) पण गादीशेठचं तसं नव्हतं. तो आधी विचारायला आला. सुट्टीच्या दिवशी मैदानावर खुर्ची टाकून बसला आणि एकेकाला म्हणाला, तुमची अडचण सांगा. जो तो पुढे होऊन म्हणाला, गोल मारणारा माणूस आणा. बेकरीवाला म्हणाला, गोल मारणारा आणा. घड्याळजी म्हणाला, वेळेवर गोल मारणारा आणा. माझी पाळी आली. मला वाटलं, एवढ्या लोकांनी एकच सांगितल्यावर मी पुन्हा तेच सांगून त्या बिचाऱ्याचा वेळ का खाऊ? म्हणून मी आपलं खरं ते सांगितलं, की फळी बुडाला टोचते.

ताई, गादीवाल्याला असं सांगणं म्हणजे हलवायाला तोंड कडू झालंय म्हणून सांगणं. बाकी सगळ्यांनी सांगितलं ते त्याने ऐकलं, माझं मात्र त्याला कळलं. त्याचा चेहरा असा उजळला की मलाच वाटलं, मी काहीतरी मोठं बोलून गेले.

माणसाने कामं चांगली केली, हे मी कुणापुढेही सांगेन. न्हाणीघराला कडी आली, कडीला दार आलं. गवत इतकं हिरवं की पहिल्या दिवशी खेळाडू त्यावर पाय द्यायला लाजत होते. बस नवी आली, तिच्यात आडवं होता येतं. खेळाडूंना दुपारी वामकुक्षी सक्तीची झाली. नव्या कोचला आधी ते पटलं नाही, मग एक दिवस करून बघितली, आता तो तीनदा हाक मारल्याशिवाय उठत नाही. गोल मारणारा माणूसही आणला, लांबून आणला, उंच आहे, देखणा आहे, गोल मारायचा मुहूर्त अजून सापडायचा आहे. आणि खेळाच्या दोन हंगामांमधल्या सुट्टीत त्याने आमची गॅलरी सोलून काढली. ट्रक आले, फळ्या गेल्या. खाली सिमेंट, वर निळ्या गाद्या, पाठीला उशी, हाताला उशी, आणि पायाखाली असा जाड लोकरी गालिचा की चप्पल काढून जावंसं वाटावं. पहिल्या रांगेच्या मधोमध एका गादीवर त्याने 'आजी' असं भरतकाम करून घेतलं होतं. तिथे काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही, पण धाग्यावरून बोट फिरवलं आणि सूनबाईने सांगितलं, तेव्हा मी थोडा वेळ काही बोलले नाही. (सूनबाई म्हणते, हे खरं आहे, तिने तेव्हा घड्याळाकडे बघितलं होतं.)

पहिला सामना झाला आणि सुख म्हणजे काय ते मला कळलं. बसले ते कशावर बसले हेच समजेना. शिट्टी वाजली, चेंडू इकडून तिकडे गेला, ऊन पाठीवर होतं, आणि बघता बघता उजवीकडून एक घरघर ऐकू आली. मला वाटलं, गवत कापायचं यंत्र. बेकरीवाला होता. तो पहाटेपासून भट्टीपाशी उभा असतो बिचारा, त्याला दोष नाही. मग घड्याळजीची मान गेली. मग मागच्या रांगा एकेक करून आडव्या झाल्या, वारा सुटल्यावर पीक आडवं होतं तशा. पाहुणी टोळी चेंडू घेऊन आमच्या गोलाकडे आली तेव्हा जे चार लोक जागे होते त्यांनी दणका दिला, पण गालिच्यावर पाय आपटणं म्हणजे उशीला शिव्या देणं. आवाज असा आला की कुणी अंगावरचं पांघरूण झटकतंय. हरलो. पाहुण्या टोळीच्या कप्तानाने जाताना आमच्या लोकांचे हात हातात घेऊन सांगितलं, इतकं शांत, सुसंस्कृत गाव आम्ही पाहिलं नाही. एवढा अपमान आमचा आजवर कुणी केला नव्हता.

दुसराही हरलो, तिसराही. परगावचे तर हरायचेच. लोक जागे झाले की चिडायचे, पण चिडायलासुद्धा त्यांना गादीवरून उठावं लागे, आणि तेवढ्यात राग जाई. मग कुणीतरी आठवण काढली की गादी कुणी मागितली होती. झालं. ब्रेड आणायला गेले तर बेकरीवाल्याने कालचा दिला. घड्याळजी रस्त्यात भेटला तर हातातल्या घड्याळाकडे बघत पुढे गेला. मला गावात 'गादीवाली आजी' म्हणायला लागले. मी त्याच लोकांबरोबर एवढी वर्षं पाय आपटले, ताई, आणि एका बुडाच्या तक्रारीवरून मी परकी झाले. मी मनाला लावून घेतलं नाही असं सगळ्यांना सांगत होते. तू बहीण, तुला वेगळं सांगायला नको.

पण खरा घोर नातवाचा लागला. त्याच्या अंगावर गोलांवर गोल चढत होते. चेंडू डावीकडून यायचा आणि हा उजवीकडे उडी मारायचा, कधी गोल सोडून पुढे यायचा आणि मागे जाताना खांबालाच धडकायचा. कोचने सांगून टाकलं, आणखी एक संधी, घरचा शेवटचा सामना. तो हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार, आणि पोराचे हातमोजे खुंटीला. त्या दिवशी तो घरी आला, ताटावर बसला आणि भातात नुसती बोटं फिरवत राहिला. सूनबाईने चार गोष्टी विचारल्या, तुझ्या भाच्याने एकही विचारली नाही, दोघांनाही उत्तर मिळालं नाही. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले, आणि त्याचं ताट माझ्यापुढे ओढून घास खायला लागले, कारण लहानपणापासून त्याचं तोंड तेवढ्यानेच उघडतं.

तेव्हा तो म्हणाला, "आजी, मला मागे काही ऐकू येत नाही."

मी म्हटलं, मागे ऐकायचं काय असतं, चेंडू तर पुढून येतो. मग त्याने हळूहळू सांगितलं. गोलात उभ्या माणसाला पुढे बघावं लागतं, मागे वळला की संपलं. मग आपला खांब किती दूर आहे, आपण मधे आहोत की कडेला सरकलोय, हे कळायचं कसं? इतर पोरं अंदाजाने शिकतात. हा लहानपणापासून याच मैदानावर वाढला, त्याला शिकायची गरजच पडली नाही. उजव्या खांबामागे बेकरीवाल्याचा धप्प, डाव्या खांबामागे घड्याळजीचा टकटक. धप्प मोठा झाला की डावीकडे सरकायचं, टकटक मोठा झाला की उजवीकडे. आणि दोन्ही सारखे, नि बरोबर पाठीमागे माझी टाच, म्हणजे तो बरोबर मधोमध. त्याला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं. आवाज गेला तेव्हा कळलं, जसं घरातलं घड्याळ बंद पडल्यावर कळतं की ते वाजत होतं. परगावी तो मांजर का होता, तेही तेव्हाच कळलं. आम्ही उगाच पाण्याच्या बाटल्या वाहिल्या. (सूनबाई म्हणते, त्या बाटल्या आता तुमची अक्कल म्हणून लिहू का? नको.)

म्हणजे बघ, आम्हाला वाटायचं आम्ही पाहुण्यांना घाबरवतो. खरं तर आम्ही सगळे मिळून एका पोराला खांब दाखवत होतो. मी ताट त्याच्यापुढे परत सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी सूनबाईला घेऊन गादीशेठच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे मोठं दालन, आणि त्यात हारीने मांडलेल्या गाद्या. गादीशेठ पुढे आला, आजी या, बसा म्हणाला, आणि खुर्ची नसल्यामुळे मी गादीवर बसले. बसले ती आतच गेले. भांडायला गेलेल्या माणसाने कशावर बसू नये हे मला या वयात कळलं. हात टेकला तर हातही आत गेला. शेवटी मी पाय वर घेऊन आडवीच झाले आणि छताकडे बघून भांडायला सुरुवात केली. तो सभ्य माणूस, बाईमाणसाशी उभ्याने वरून बोलणं त्याला बरं वाटेना, म्हणून तोही शेजारच्या गादीवर आडवा झाला. असे आम्ही दोघं छताकडे बघत क्लबचं भवितव्य ठरवत होतो. तेवढ्यात दुकानातला नोकर एका गिऱ्हाइकाला घेऊन आला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, बघा, आमच्या गादीवर म्हातारी माणसं कशी निवांत पडतात. गिऱ्हाइकाने गादी घेतली. सूनबाई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून उभी होती.

मी सगळं सांगितलं. नातवाचं, दणक्याचं, खांबाचं. त्याने डोळे मिटले, मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "साऱ्या मुलखाला मी झोपवलं, आजी, पण माझा डोळा कधी लागत नव्हता. तुमच्या त्या गॅलरीत लागला." डॉक्टरांनीच त्याला म्हणे सांगितलं होतं, धंद्याबाहेर कशात तरी जीव रमवा, म्हणून त्याने क्लब घेतला. आणि पहिल्याच सामन्याला मध्यंतराआधी तो जो झोपला तो त्याच्या बायकोने घरी नेऊन उठवला. ती रडली म्हणे आनंदाने. मला तेव्हा त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं आठवली, आणि खरंच ती फिकी झाली होती. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? एकीकडे माझ्या नातवाचे हातमोजे, दुसरीकडे या बिचाऱ्याची झोप. मी म्हटलं, शेठ, तुम्ही खुशाल झोपा, पण आमच्या मागे झोपू नका. पलीकडच्या बाजूला काचेची खोली बांधून घ्या, तिला आवाज जाणार नाही, सामना तुमच्यासमोर चालू राहील आणि तुमचा डोळाही लागेल. आमच्या गॅलरीच्या फळ्या तेवढ्या परत द्या. त्याला ते एकदम पटलं. मालक चांगला असण्याची हीच खूण म्हणायची, नव्या योजनेइतकाच आनंद त्याला ती मोडण्यातही होतो. आम्ही दोघांनी हात मिळवले, आणि मग दोन नोकरांनी मला बाहेर काढलं.

गाद्या निघाल्या. गॅलरीत सभा झाली आणि सगळे पेटले, की मऊपणानेच घात झाला, आता कुणी उशीसुद्धा आणायची नाही. मीच पुढे उभी राहिले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, हाडं मोडली तरी चालतील, मी फळीवर बसेन. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने ताजा ब्रेड दिला, वर एक गोड पाव घातला. घड्याळजीने थांबून वेळ सांगितली, मी न विचारता.

पण जुन्या फळ्या होत्या कुठे? त्या तर ट्रकमधून गेल्या होत्या. सुताराने कोऱ्या करकरीत फळ्या ठोकल्या. नातू गोलात डोळे मिटून उभा राहिला, मागे आम्ही दणका दिला, आणि त्याने मान हलवली. कोऱ्या फळ्या सगळ्या एका सुरात बोलतात, शाळेतल्या पहिलीच्या पोरांसारख्या. कोण कुठला ते कळत नाही. बेकरीवाल्याच्या पायाने ज्या फळीला पोक आलं तीच धप्प म्हणणार. आपण ज्या खाटेवर जन्मभर झोपतो ती कूस बदलली की ओळखते, तसं आहे हे. आता घरचा शेवटचा सामना पुढच्या महिन्यात आहे, आणि त्या जुन्या फळ्या कुठे गेल्या असतील, कुणाच्या अंगणात पडल्या असतील, देव जाणे. आम्ही आशा सोडलेली नाही. दिवस चांगले चालले आहेत, न्हाणीघराला कडी आहे, पोरगा पुन्हा जेवायला लागला आहे, माणसाला आणखी काय हवं?

घरातल्या लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार. दाजी, तुम्ही फार छान वाचता, लांबचा प्रवास झाला, आता पाणी प्या.

तुझी धाकटी (इथे अंगठा उमटवला आहे. शाई जरा पसरली, तो माझा स्वभाव नव्हे, शाईचा)

ता. क. आता ताई, तू हे तुझ्या सुनेकडून ऐकत असशील. दाजी अंगठ्यापाशी आले की चष्मा काढतात आणि पत्र संपलं म्हणतात, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच तुला म्हटलं की सुनेला अक्षर दाखव. त्या फळ्या तुमच्या वखारीत आहेत. तुझी लेक मागच्या आठवड्यात इकडे आली होती, तिने हसत हसत सांगितलं की बाबांनी कुठल्याशा मैदानाच्या फळ्या लिलावात उचलल्या, आणि खालच्या बाजूला एवढं च्युइंगगम चिकटलंय की करवत अडकते. ताई, ते च्युइंगगम आमच्या मागच्या रांगेचं आहे, ते मी कुठेही ओळखेन. दाजींना मी सरळ विचारलं असतं तर ते म्हणाले असते, घेतलेला माल वखार परत देत नसते. तू विचारलंस तर तसं म्हणणार नाहीत, कारण जेवण तू वाढतेस. त्यांना आधी माझ्या पत्रातलं त्यांच्या कष्टाळूपणाचं कौतुक पुन्हा वाचायला लाव, मग कंबरेची चौकशी कर, मग सांग. गादीशेठ म्हणतो, फळ्या आल्या त्याच ट्रकमधून तो दाजींना त्याच्या कारखान्यातली सगळ्यात उत्तम गादी धाडेल, कंबरेच्या माणसासाठी खास बनवतो तो. फक्त त्यांना सांग, एकदा बसलात की पाय लगेच वर घ्या.

आणखी ता. क. सगळ्या फळ्या यायला हव्यात असं काही नाही. पहिल्या रांगेतली मधली, बसायची, जिच्या कडेला एक गाठ आहे, ती पाठवली नाही तरी चालेल. हरवली म्हणावं. दाजींना तिचं काय करायचं ते करू दे, करवत लावू दे, शेकोटीत घालू दे. त्या जागी तात्पुरती म्हणून ती 'आजी' लिहिलेली गादी ठेवता येईल, मी कुणाला काही बोलणार नाही. पायाखालची मात्र न चुकता पाठव, तिच्यावर माझ्या टाचेचा खळगा आहे.

मावशींना सूनबाईचा नमस्कार. एवढं माझं, आईंना विचारून लिहिते. आम्ही पत्र लिहीत असताना खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या होत्या. आईंच्या पूर्णविरामांनी त्यांच्या छताचे पोपडे पडताहेत म्हणाल्या, आणि येताना एक जाड सतरंजी घेऊन आल्या होत्या, आजींच्या पायाखाली घाला म्हणून. आईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, त्यांना तोंड भरून आशीर्वाद दिला, तिची चौघडी केली, खुर्चीवर टाकली, तिच्यावर बसल्या, आणि टाच आपटली.